खोक्यावरचा आकडा आणि पडद्यावरचा खेळ

‘ग्राफिक्स कार्ड कोणते घ्यावे?’ हा प्रश्न आता केवळ दुकानदाराला विचारला जात नाही. अकरावी-बारावीचे विद्यार्थी तो विज्ञानाच्या आणि गणिताच्या शिक्षकांनाही विचारतात. प्रश्न खेळासाठी लागणाऱ्या वस्तूचा आहे, म्हणून तो हसण्यावारी नेण्याचा मोह होतो. तसे करू नये असे आम्हांला वाटते. एक तर सर्वसाधारण घरात ही खरेदी साठवलेल्या पैशांतून होते, आणि एकदा फसली की ती पुन्हा लवकर करता येत नाही. दुसरे असे, की या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची रीत आणि प्रयोगशाळेत आपण शिकवतो ती रीत या वेगळ्या नाहीत. काय मोजले? कशाने मोजले? कोणत्या परिस्थितीत मोजले? हे तीन प्रश्न दोन्हीकडे सारखेच आहेत.

या लेखात आम्ही एखाद्या कार्डाची शिफारस करणार नाही. कार्डे दर वर्षी बदलतात. परीक्षण करायचे आहे ते कार्डाविषयीची माहिती गिऱ्हाइकापर्यंत ज्या वाटांनी पोहोचते त्यांचे : खोक्यावरचे नाव, परीक्षणांतील तक्ते आणि जाहिरातीतील उंच उंच स्तंभालेख. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की या बाजारात नाव आणि मोजमाप यांची गल्लत करून ठेवलेली आहे. आणि तिचा भुर्दंड सर्वांत जास्त पडतो तो मधल्या किमतीचे कार्ड घेणाऱ्याला. सर्वांत महाग कार्ड घेणाऱ्यापुढे निवडीचा फारसा प्रश्न नसतो. सर्वांत स्वस्त घेणाऱ्याच्या अपेक्षाच थोड्या असतात. मधल्या माणसाला मात्र दोन-तीन हजार रुपयांच्या फरकाने उभ्या असलेल्या डझनभर खोक्यांमधून एक उचलायचे असते.

पंगत आणि वाढपी

आधी हे कार्ड करते काय ते पाहू. खेळातील दृश्य पडद्यावर उमटते ते ठिपक्याठिपक्यांनी. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. नेहमीच्या १९२० गुणिले १०८० मापाच्या पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात. २५६० गुणिले १४४० मापाच्या पडद्यावर ३६,८६,४००, तर ३८४० गुणिले २१६० मापाच्या पडद्यावर ८२,९४,४००. हलते दृश्य म्हणजे एकामागून एक दाखवलेली स्थिर चित्रे. अशा प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या, तर सर्वांत लहान पडद्यासाठीसुद्धा दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख पिक्सेलांचे रंग ठरवावे लागतात.

संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा कुशल आचाऱ्यासारखा असतो. अवघड पदार्थ तो झटपट करतो, पण त्याला हात थोडे. हजार पानांची पंगत एका वेळी वाढायची तर आचारी कामाचा नाही; तिथे वाढपी लागतात, आणि तेही पुष्कळ. प्रत्येकाचे काम साधे, पण सर्वांनी एकाच वेळी करायचे. ग्राफिक्स कार्डाच्या चिपवर असे हजारो वाढपी असतात. त्यांना कोअर म्हणतात.

पण पंगत वेळेवर उठायला वाढप्यांची संख्या पुरेशी नसते. अन्न कोठीत किती मावते, हाही प्रश्न असतो. ही कोठी म्हणजे कार्डावरची मेमरी. कोठीचे दार किती रुंद, म्हणजे दर सेकंदाला किती सामान बाहेर येऊ शकते, हा तिसरा प्रश्न. त्याला बँडविड्थ म्हणतात. हिचे गणित सोपे आहे : मेमरीकडे जाणाऱ्या वाटेची रुंदी बिटमध्ये घ्यावी, तिला प्रत्येक वाटेवरच्या गतीने गुणावे आणि आठाने भागावे. १२८ बिटची वाट आणि प्रत्येक वाटेवर सेकंदाला १७ गिगाबिट, तर १२८ गुणिले १७ भागिले ८, म्हणजे सेकंदाला २७२ गिगाबाइट.

आणि कोठीतले संपले तर? मग सामान गावातल्या दुकानातून, म्हणजे संगणकाच्या मुख्य मेमरीतून, आणावे लागते. ती वाट पीसीआय एक्स्प्रेस या जोडणीतून जाते. तिच्या चौथ्या आवृत्तीतील आठ पदरी जोडणीतून सेकंदाला साधारण १६ गिगाबाइट येतात. तिसऱ्या आवृत्तीत तेवढ्याच पदरांतून निम्मेच, म्हणजे सुमारे ८. कुठे २७२ आणि कुठे ८! कोठी रिकामी पडली की पंगत का खोळंबते, ते या दोन आकड्यांवरून कळते.

तेव्हा कार्डाचे गुण एका आकड्यात मावत नाहीत. खोक्यावर मात्र एकच आकडा ठळक छापलेला असतो.

एक नाव, दोन वस्तू

शाळेत आपण शिकवतो की एका चिन्हाचा एका उदाहरणात एकच अर्थ असावा. या बाजारात तो नियम नाही. एनव्हिडिया कंपनीने २०१६ च्या जुलैमध्ये जीटीएक्स १०६० हे कार्ड काढले. त्यात ६ गिगाबाइट मेमरी आणि १२८० कोअर होते. पुढच्याच महिन्यात त्याच नावाचे ३ गिगाबाइटचे कार्ड आले. साहजिकच गिऱ्हाइकाला वाटले, फरक मेमरीपुरता असेल. प्रत्यक्षात कोअरही ११५२ च होते. कोठीही लहान आणि वाढपीही कमी, पण नाव तेच.

याहून स्पष्ट उदाहरण जीटी १०३० चे. २०१७ साली ते आले तेव्हा त्याची बँडविड्थ सेकंदाला ४८ गिगाबाइट होती. २०१८ साली त्याच नावाखाली साध्या डीडीआर४ मेमरीचे कार्ड विकायला आले. त्याची बँडविड्थ १६.८ गिगाबाइट. दार जवळजवळ एकतृतीयांश झाले. खेळांचा वेग पुष्कळदा निम्म्यावर येऊन ठेपला. खोक्यावर ‘२ गिगाबाइट’ दोन्हींच्या होते, आणि ते खरेच होते. खरे बोलूनही दिशाभूल कशी होते याचा हा नमुना आहे.

जीटीएक्स ९७० ची हकीकत तर न्यायालयापर्यंत गेली. सप्टेंबर २०१४ मध्ये आलेल्या या कार्डावर ४ गिगाबाइट मेमरी असल्याचे जाहीर झाले होते. जानेवारी २०१५ मध्ये उघड झाले, की त्यांतील साडेतीन गिगाबाइट वेगवान आहेत आणि उरलेला अर्धा गिगाबाइट फारच संथ. चिपच्या इतर दोन घटकांचे आकडेही जाहीर केल्यापेक्षा कमी निघाले. कंपनीने आपल्या दोन विभागांतील गैरसमज हे कारण सांगितले. २०१६ साली अमेरिकेत तडजोड झाली आणि दर कार्डामागे ३० डॉलर देण्याचे ठरले.

ही रीत संपलेली नाही. एप्रिल २०२५ मध्ये आलेले आरटीएक्स ५०६० टीआय ८ आणि १६ अशा दोन मापांत निघाले. समीक्षकांकडे प्रामुख्याने १६ गिगाबाइटचेच गेले. जून २०२५ मध्ये एएमडी कंपनीनेही आरएक्स ९०६० एक्सटी हे नाव ८ आणि १६ गिगाबाइटच्या दोन्ही कार्डांना दिले. या दोन्ही जोड्यांत वाढपी सारखेच आहेत, कोठी तेवढी वेगळी. तरीही ‘५०६० टीआय फार छान आहे’ असे ऐकून आलेला मुलगा कोणती ५०६० टीआय घेऊन जाईल, ते नाव सांगत नाही.

उत्पादकांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. सिलिकॉनच्या चकतीवर एका वेळी अनेक चिप तयार होतात. त्यांतील काहींचे काही भाग सदोष निघतात. ते भाग बंद करून उरलेली चांगली चिप कमी किमतीला विकणे यात गैर काहीच नाही. उलट टाकाऊ जाणारी वस्तू कामी येते आणि मध्यम किमतीची कार्डे त्यामुळेच परवडतात. आमचा आक्षेप कमी ताकदीची चिप विकण्याला नाही. ती पूर्ण ताकदीच्या नावाने विकण्याला आहे.

टीकेचा उपयोग होतो, हेही इथेच नोंदवू. सप्टेंबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०८० ही दोन मापांत जाहीर झाली. १६ गिगाबाइटच्या कार्डात ९७२८ कोअर, तर १२ गिगाबाइटच्या कार्डात ७६८०, म्हणजे २१ टक्के कमी. समीक्षकांनी आणि गिऱ्हाइकांनी एवढा गदारोळ केला, की १४ ऑक्टोबरला कंपनीने लहान कार्ड मागे घेतले. जानेवारी २०२३ मध्ये ते आरटीएक्स ४०७० टीआय या नावाने परत आले. जाहीर किंमत ८९९ डॉलर होती ती ७९९ झाली. वस्तू तीच. नाव बदलताच १०० डॉलर उतरले.

मोठा आकडा म्हणजे नवे, जास्त नव्हे

नावातील आकडा वाढला की सगळेच वाढले असे आपण धरून चालतो. फेब्रुवारी २०२१ मधील आरटीएक्स ३०६० आणि जून २०२३ मधील आरटीएक्स ४०६० यांची तुलना करून पाहा. पहिल्यात ३५८४ कोअर, १२ गिगाबाइट मेमरी, ३६० गिगाबाइट बँडविड्थ. दुसऱ्यात ३०७२ कोअर, ८ गिगाबाइट मेमरी, २७२ गिगाबाइट बँडविड्थ. तिन्ही आकडे घटलेले आहेत!

म्हणून नवे कार्ड वाईट ठरते का? नाही. त्याचे कोअर जास्त वेगाने चालतात. चिपच्या आतच २४ मेगाबाइटचा साठा आहे. आधीच्या कार्डात तो ३ मेगाबाइट होता. पंगतीच्या कडेलाच भाताची मोठी पातेली आणून ठेवली, की कोठीकडे खेपा कमी होतात, तसेच हे. वीजही कमी लागते : १७० वॉटऐवजी ११५ वॉट. बहुतेक खेळांत नवे कार्ड पुढेच राहते. पण एखाद्या खेळाला ८ गिगाबाइटहून जास्त मेमरी हवी असेल, तर कडेची पातेली पुरत नाहीत. सामान दुकानातून आणावे लागते, आणि तेथे जुने कार्ड नव्याला मागे टाकू शकते.

यावरून दोन गोष्टी विद्यार्थ्यांना सांगता येतील. नावावरून कार्डाची पारख होत नाही. आणि नुसत्या तांत्रिक आकड्यांवरूनही होत नाही, कारण हे आकडे एकमेकांच्या साहाय्याने काम करतात. शेवटी खेळ चालवून मोजावेच लागते.

सरासरीची करामत

मोजायचे ठरले की तक्ते आले. परीक्षणांच्या तक्त्यांत फार वर्षे एकच राशी असे : दर सेकंदाला सरासरी किती फ्रेम. ती पुरेशी का नाही, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू.

पहिल्या कार्डाने एका सेकंदात ६० फ्रेम दिल्या, प्रत्येकीला सुमारे १६.७ मिलिसेकंद लागले. दुसऱ्या कार्डानेही ६० फ्रेम दिल्या. पण त्यांतील ५५ फ्रेमना प्रत्येकी १० मिलिसेकंद, आणि ५ फ्रेमना प्रत्येकी ९० मिलिसेकंद लागले. बेरीज करून पाहा : ५५० अधिक ४५०, म्हणजे १००० मिलिसेकंद. दोन्ही कार्डांची सरासरी ६०. तक्त्यात दोन्ही स्तंभ सारख्या उंचीचे. पण दुसऱ्या कार्डावर खेळ सेकंदात पाच वेळा अडखळेल. एसटीच्या वेळापत्रकात तासाला सहा गाड्या असाव्यात आणि सहाही एकामागोमाग एक येऊन निघून जाव्यात, तसा हा प्रकार. सरासरी दहा मिनिटांना एक गाडी हे खरेच. स्टँडवर पाऊण तास उभा राहिलेला प्रवासी ते ऐकून समाधानी होणार नाही.

हा दोष समीक्षेच्या आतूनच दाखवला गेला, ही समाधानाची गोष्ट. सप्टेंबर २०११ मध्ये टेक रिपोर्ट या नियतकालिकात स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत डोकावून प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मोजला, आणि सारखी सरासरी असलेली कार्डे प्रत्यक्षात सारखी नसतात हे दाखवले. त्यानंतर चांगल्या परीक्षणांत सरासरीशेजारी सर्वांत संथ १ टक्का फ्रेमवरून काढलेला वेगही देण्याची रीत पडली. ज्या परीक्षणात हा दुसरा आकडा नाही, ते अपुरे समजावे.

दुसरी करामत अनेक खेळांच्या सरासरीत असते. समजा, एक कार्ड दोन खेळांत २०० आणि ४० फ्रेम देते. दुसरे कार्ड त्याच खेळांत १५० आणि ६० देते. साधी सरासरी काढली तर १२० विरुद्ध १०५, पहिले जिंकले. भूमितीय मध्य काढला तर सुमारे ८९ विरुद्ध ९५, दुसरे जिंकले. आणि खेळणाऱ्याचे काय? त्याचा पडदा सेकंदाला ६० वेळाच बदलणारा असेल, तर २०० आणि १५० यांतील फरक त्याला जवळपास जाणवणारच नाही. ४० आणि ६० मधला मात्र लगेच जाणवेल. म्हणजे विजेता कोण, हे कार्डांइतकेच सरासरी काढणाऱ्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. दहावीच्या वर्गात मध्यमान शिकवताना याहून जिवंत उदाहरण शोधावे लागणार नाही.

समीक्षकांची प्रयोगशाळा

परीक्षकाला फसवण्याचे प्रयत्नही झाले आहेत. २००१ साली एटीआय कंपनीच्या रेडिऑन ८५०० या कार्डाचा ड्रायव्हर ‘क्वेक’ हा खेळ त्याच्या फाइलच्या नावावरून ओळखत असल्याचे दिसून आले. समीक्षकांनी नावात एक अक्षर बदलून ‘क्वॅक’ केले, तेव्हा वेग कमी झाला आणि चित्र सुधारले. चित्राचा दर्जा उतरवून वेग वाढवलेला होता, आणि तोही नेमका ज्या खेळावर चाचण्या होत त्याच खेळापुरता. पेपर आधीच फुटलेल्या विद्यार्थ्याच्या गुणांसारखे हे गुण.

मे २०२५ मध्ये आरटीएक्स ५०६० बाजारात आली तेव्हा वेगळा प्रकार घडला. विक्रीच्या दिवसापर्यंत बहुतेक स्वतंत्र समीक्षकांच्या हाती ती चालवण्यासाठी लागणारा ड्रायव्हरच नव्हता. परीक्षेचा निकाल लागण्यापूर्वी प्रवेश देऊन टाकावेत, तसेच हे झाले.

पण प्रामाणिक समीक्षकाच्या पद्धतीतही एक मर्यादा असते, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. कार्डाची चाचणी घेताना तो संगणकात उपलब्ध असलेला सर्वांत वेगवान प्रोसेसर बसवतो. शास्त्रीय दृष्टीने हे योग्यच आहे. इतर घटकांचा अडथळा दूर केल्याशिवाय कार्डाचा स्वतःचा गुण कळत नाही. आपणही एका वेळी एकच चल बदलायला शिकवतो. परंतु मध्यम किमतीचे कार्ड घेणाऱ्याचा संगणक तसा नसतो. डिसेंबर २०२४ मध्ये इंटेलचे आर्क बी५८० हे १२ गिगाबाइटचे कार्ड २४९ डॉलरला आले आणि त्याची वाखाणणी झाली. जानेवारी २०२५ मध्ये काही समीक्षकांनी ते जुन्या, साध्या प्रोसेसरांबरोबर चालवून पाहिले. तेव्हा अनेक खेळांत त्याचा वेग प्रतिस्पर्धी कार्डांपेक्षा जास्त घसरला, कारण त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर अधिक भार टाकत होता. पहिले मोजमाप चूक नव्हते. ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर होते.

जानेवारी २०२२ मधील एएमडीच्या आरएक्स ६५०० एक्सटी ची गोष्टही अशीच. १९९ डॉलरच्या या कार्डाला ४ गिगाबाइट मेमरी आणि केवळ चार पदरी जोडणी होती. नव्या मदरबोर्डवर ते कसेबसे निभावे. पण तिसऱ्या आवृत्तीच्या जोडणीचा मदरबोर्ड असला, की दुकानाची वाट सेकंदाला ४ गिगाबाइटवर येई आणि वेग चांगलाच पडे. स्वस्त कार्ड घेणाऱ्याकडेच जुना मदरबोर्ड असण्याचा संभव अधिक. ज्याच्यासाठी कार्ड काढले, त्याच्याच घरी ते सर्वांत वाईट चालावे!

मधल्या मध्ये भरलेल्या फ्रेम

अलीकडच्या जाहिरातींत स्तंभ एकदम दुप्पट-चौपट उंच दिसू लागले आहेत. त्यामागे फ्रेम जनरेशन हे तंत्र आहे. एनव्हिडियाने ते २०२२ साली आणले. पुढे इतरांनीही आणले. कार्ड दोन खऱ्या फ्रेम तयार करते आणि त्यांच्यामधली चित्रे अंदाजाने भरते. हालचाल डोळ्यांना अधिक सलग दिसते, हे खरे. पण मधले चित्र काढण्यासाठी दुसरी खरी फ्रेम तयार होईपर्यंत थांबावे लागते. त्यामुळे माउस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा काळ कमी होत नाही, थोडा वाढतोच. तीस खऱ्या फ्रेमच्या साठ केल्या, तर पडदा साठाचा दिसतो आणि हाताला तिसाचा लागतो.

जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगास येथील प्रदर्शनात एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० हे १५९९ डॉलरला आलेल्या आरटीएक्स ४०९० इतके काम करते, असे सांगितले. पहिल्यात ६१४४ कोअर आणि १२ गिगाबाइट. दुसऱ्यात १६,३८४ कोअर आणि २४ गिगाबाइट. हे समीकरण जुळत होते ते नव्या कार्डाच्या दर चार फ्रेमपैकी तीन अंदाजाने भरलेल्या धरल्या तरच. मार्चमध्ये स्वतंत्र चाचण्या झाल्या तेव्हा भर न घातलेल्या फ्रेममध्ये ते ४०९० च्या बरेच मागे राहिले.

हे तंत्र खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. मूळ वेग पुरेसा असेल तर ते उपयोगी आहे. पण खरी फ्रेम आणि भरलेली फ्रेम या दोन वेगळ्या राशी आहेत. मीटर आणि फूट यांची बेरीज आपण विद्यार्थ्याला करू देत नाही. कंपनीलाही देऊ नये.

दर फ्रेमला किती रुपये?

काटकसरी गिऱ्हाइकाचा आवडता हिशेब म्हणजे किमतीला फ्रेमच्या संख्येने भागणे. समजा, एक कार्ड २५,००० रुपयांना असून ते ६० फ्रेम देते. दुसरे ३५,००० रुपयांना असून ८० देते. पहिल्याची दर फ्रेम सुमारे ४१७ रुपयांना पडली, दुसऱ्याची ४३७ रुपये ५० पैशांना. पहिले स्वस्त. आता उरलेल्या संगणकाचे ४०,००० रुपये दोन्हींत मिळवा. पहिला संगणक ६५,००० चा, दर फ्रेम सुमारे १०८३ रुपये. दुसरा ७५,००० चा, दर फ्रेम ९३७ रुपये ५० पैसे. आता दुसरे स्वस्त!

दोन्ही हिशेब बरोबर आहेत. ज्याच्या घरी संगणक आहे त्याने पहिला करावा, ज्याला सगळेच नवे घ्यायचे आहे त्याने दुसरा. धोका असा, की दुसऱ्या हिशेबाने नेहमीच ‘आणखी थोडे घाला’ असे उत्तर निघण्याकडे कल असतो. विक्रेते तोच मांडून दाखवतात. म्हणून हिशेबाच्या आधी दोन मर्यादा कागदावर लिहाव्यात : इतक्या फ्रेम मला पुरे, आणि इतक्या रुपयांपुढे मी जाणार नाही.

मग निवड कशी करावी?

विद्यार्थ्याने विचारले तर शिक्षकाने उत्तराऐवजी त्याला प्रश्न द्यावेत. आम्ही हे पाच सुचवतो.

१. पडदा कोणता आहे? किती पिक्सेल आणि सेकंदाला किती वेळा बदलणारा? त्याहून जास्त फ्रेमना पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही.

२. कोणते खेळ खेळायचे? व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारख्या स्पर्धेच्या खेळांना ८ गिगाबाइट पुरतात. नवे, मोठ्या दृश्यांचे खेळ चार-पाच वर्षे खेळायचे असतील, तर १२ किंवा १६ गिगाबाइटच्या कार्डाचा विचार आधी करावा, किंवा दृश्याचा दर्जा उतरवण्याची तयारी ठेवावी.

३. संगणक कोणता आहे? प्रोसेसर किती जुना, जोडणीची आवृत्ती कोणती, पॉवर सप्लाय किती वॉटचा? आपल्यासारख्या संगणकावर घेतलेली चाचणी शोधावी.

४. तक्त्यात काय मोजले आहे? सर्वांत संथ १ टक्क्याचा आकडा आहे का? फ्रेम खऱ्या आहेत की भरलेल्या?

५. खोक्यात नेमके काय आहे? नावापुढची मेमरी, तिचा प्रकार आणि बँडविड्थ बिलावर किंवा खोक्याच्या मागे तपासावी. जुने कार्ड घेताना ही काळजी दुप्पट घ्यावी. जुन्या चिपला नव्या कार्डाचे नाव सांगायला लावलेली बनावट कार्डेही बाजारात आढळतात. पैसे देण्यापूर्वी कार्ड आपल्यासमोर संगणकात चालवून पाहावे.

हे प्रश्न सोडवताना काही विद्यार्थ्यांच्या लक्षात येईल, की आपल्या खेळांना आणि आपल्या पडद्याला आहे तेच कार्ड पुरे आहे. हेही एक उत्तर आहे, आणि कोणत्याही तक्त्यात ते छापलेले नसते.

वर्गात हा विषय घ्यायचा असेल, तर वर दिलेल्या ६० फ्रेमच्या दोन रांगा फळ्यावर लिहा आणि नावे न सांगता विचारा, ‘कोणते कार्ड चांगले?’ सरासरी काढून ‘दोन्ही सारखी’ म्हणणारे पुष्कळ निघतील. एखादी मुलगी विचारेल, ‘चांगले म्हणजे कशासाठी?’ तिला उत्तर देण्याची घाई करू नका. खोक्यावरच्या आकड्याला विचारायचा पहिला प्रश्न तिने विचारलेला आहे. बाकीच्या वर्गालाही तो थोडा वेळ पडू द्या.